कारखान्यातली की घडवून घेतलेली? लांब पल्ल्याच्या रायफलचा हिशोब

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या निवडक प्रश्नांची उत्तरं जोडली आहेत.)



सुरुवातीलाच एक खुलासा. आज मी ज्या रायफलबद्दल बोलणार आहे ती कागदावर किंवा लोखंडी पाटीवर नेम धरायची, खेळातली रायफल आहे. शिकार आणि लढाई हे आजचे विषय नाहीत. आणि उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली असतील, कारण हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, सामान्य नागरिकानं स्पर्धा खेळायची ही रीत तिथे रुजलेली आहे आणि मी ती तिथेच शिकलो.

मी मूळचा टूलरूमचा माणूस. पिंपरीत अकरा वर्षं लेथवर काढली, मग नोकरीनं मिशिगनला गेलो. तिथे एका सहकाऱ्यानं रेंजवर नेलं आणि नाद लागला. नाद लागला की पहिला प्रश्न पडतो तो हाच: दुकानात मिळते ती तयार रायफल घ्यायची, की कारागिराकडून आपल्यासाठी घडवून घ्यायची? मी लेथवाला, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं होतं. घडवलेलीच! त्या उत्तराची किंमत मी दोन मोसम मोजली. ते पुढे सांगतो. आधी दीडशे वर्षं मागे जाऊ.

क्रीडमूर, १८७४

आयर्लंडच्या नेमबाजांनी १८७३ मध्ये इंग्लंडात विंबल्डनला एल्को शील्ड जिंकली आणि मग अमेरिकनांना आव्हान दिलं. सप्टेंबर १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या क्रीडमूर या रेंजवर सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा जण. अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. प्रत्येक अंतरावर माणशी १५ गोळ्या, आणि मधल्या काळ्या भागात लागली तर ४ गुण.

आता बंदुका बघा. आयरिश मंडळींच्या हातात डब्लिनच्या रिग्बी घराण्याच्या ठासणीच्या रायफली होत्या. हातानं घडवलेल्या, आणि तेव्हा जगात नावाजलेल्या. स्वतः जॉन रिग्बी त्या संघातून खेळत होता. अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन कारखान्यांच्या, मागून काडतूस भरायच्या रायफली. पण त्याही काही दुकानातल्या फळीवरून उचललेल्या नव्हत्या, लांब पल्ल्यासाठी खास तयार केलेल्या होत्या. रेमिंग्टनची रायफल आखणारा हेपबर्न अमेरिकन संघात होता. म्हणजे दोन्ही बाजूंनी बनवणारे स्वतःच मैदानात!

निकाल काय लागला? अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. फरक फक्त तीन गुणांचा. अमेरिकेच्या बोडाइन नावाच्या खेळाडूनं शेवटची गोळी झाडली तेव्हा त्याचा संघ एका गुणानं मागे होता आणि बाटली फुटून त्याचा हात कापलेला होता. त्यानं ती गोळी मधोमध मारली.

लोक बोडाइनची गोष्ट सांगतात. मला मात्र मिल्नरची महत्त्वाची वाटते. आयर्लंडच्या मिल्नरनं एक गोळी अगदी मधोमध मारली, पण शेजारच्या लक्ष्यावर. गुण शून्य. ते चार गुण धरले असते तर आयर्लंड ९३५ वर गेलं असतं आणि एका गुणानं जिंकलं असतं. घडवलेली रायफल विरुद्ध कारखान्याची, असा तो सामना रंगला आणि निर्णय लागला माणसाच्या चुकीनं. आजचं माझं सगळं म्हणणं या एका गोळीत आहे. आता ते आकड्यांनी मांडतो.

रायफलची चूक मोजायची कशी

या खेळात माप असतं कोनाचं. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट. इथली मंडळी त्याला एमओए म्हणतात. एका मिनिटाचा कोन १०० यार्डांवर साधारण एक इंच रुंद होतो, आणि १००० यार्डांवर दहा इंचांहून थोडा जास्त. एफ-क्लास नावाच्या स्पर्धेत १००० यार्डांवरचं दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं असतं. त्याच्या आत पाच इंचांचं वर्तुळ, ज्याला एक्स म्हणतात. नऊ गुणांचं वर्तुळ वीस इंचांचं.

आजची चांगली तयार रायफल, चांगल्या काडतुसांबरोबर, साधारण एका मिनिटात गोळ्या ठेवते. काही त्याहून बऱ्याच सरस निघतात. चांगली घडवलेली रायफल अर्ध्या मिनिटात ठेवते असं धरू. म्हणजे हजार यार्डांवर केंद्रापासून एकीची चूक पाच इंच, दुसरीची अडीच इंच. ऐकायला केवढा फरक! निम्मी चूक!

पण थांबा. वारा अजून धरलाच नाही आपण. ६.५ क्रीडमूर हे आजचं लोकप्रिय काडतूस. नाव त्या जुन्या रेंजवरूनच आलंय. त्याची १४० ग्रेनची गोळी हजार यार्ड जायला दीड सेकंदाहून जास्त वेळ घेते. तेवढ्यात ताशी एक मैलाचा आडवा वारा तिला साधारण साडेसहा इंच ढकलतो. वाऱ्याचा अंदाज दोन मैलांनी चुकला तर तेरा इंच. आणि दोन मैलांची चूक म्हणजे काही नाही हो, गालाला जाणवतसुद्धा नाही.

या दोन चुकांची सरळ बेरीज होत नाही. वाऱ्याची चूक आणि रायफलची चूक एकमेकांशी संबंध न ठेवता होतात, त्यामुळे त्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारख्या मिळतात. एकूण चूक म्हणजे कर्ण. शाळेतला पायथागोरस. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

नवा खेळाडू घ्या. वाऱ्याची चूक १३ इंच. तयार रायफल असेल तर कर्ण येतो १३.९. घडवलेली असेल तर १३.२. हजारो डॉलर जास्त घालून किती सुधारणा झाली? पाऊण इंचाहूनही कमी.

आता त्याच खेळाडूनं पैसे न घालता वारा वाचायला शिकून चूक दोनवरून एका मैलावर आणली. रायफल तीच, तयार. बाजू साडेसहा आणि पाच, कर्ण ८.२. चौदाचे आठ झाले!

आणि मुरलेला खेळाडू घ्या, जो अर्ध्या मैलापर्यंत वारा ओळखतो. त्याची वाऱ्याची चूक सव्वातीन इंच. तयार रायफलीत कर्ण सहा, घडवलेलीत ४.१. इथे मात्र रायफल बोलते. म्हणजे नियम असा निघतो: तुमची स्वतःची चूक रायफलीच्या चुकीपेक्षा लहान होईपर्यंत घडवलेल्या रायफलीचा पैसा तुम्हाला दिसतच नाही.

घडवतात म्हणजे नेमकं काय करतात

इथे माझ्या जुन्या धंद्याचा भाग येतो. रायफलचा आत्मा तीन गोष्टींत असतो: नळी, चेंबर आणि बोल्ट ज्यात बसतो ते घर, त्याला अ‍ॅक्शन म्हणतात. काडतूस नळीच्या मध्यरेषेत बसलं पाहिजे, बोल्टचं तोंड त्या रेषेला काटकोनात पाहिजे, आणि बोल्टच्या दोन्ही कानांवर भार सारखा आला पाहिजे. संपलं. बाकी सगळी या तीन वाक्यांची टीका आहे.

पूर्वीचा कारागीर काय करायचा? रेमिंग्टनची १९६२ सालची मॉडेल ७०० घ्यायचा, तिची अ‍ॅक्शन लेथवर चढवून आटे, तोंड, कान सगळं पुन्हा एका रेषेत आणायचा. मग नळी चकमध्ये धरून, डायल लावून, भोक फिरताना काटा हलत नाही इतकी मध्यावर आणायची आणि तेव्हाच रीमर घालून चेंबर कापायचा. ज्यानं कधी शाफ्टला डायल लावून हातोडीनं टकटक करत सेंटर काढलंय त्याला कळेल की हे तासांचं काम आहे.

कारखान्याला तेवढा वेळ नसतो. त्याचा चेंबर थोडा सैल ठेवतात, कारण कुठल्याही दुकानातलं काडतूस त्यात बसलं पाहिजे. नळीही वेगळ्या रीतीनं बनते. पुष्कळ कारखाने पोलादाच्या नळकांड्यात आट्यांचा उलटा साचा घालून बाहेरून यंत्राच्या हातोड्यांनी ठोकतात, काही मिनिटांत नळी तयार. उलट उंची नळीत एकेक खाच थोडी थोडी कापत नेतात आणि शेवटी आतून हातानं घासून गुळगुळीत करतात.

मग गेल्या काही वर्षांत बदललं काय? यंत्रं बदलली. सीएनसी आणि वायर-कट आले, आणि पूर्वी कारागीर हातानं दुरुस्त करायचा ती अचूकता अ‍ॅक्शनमध्ये पहिल्यापासूनच येऊ लागली. २०१५ मध्ये रुगर कंपनीनं प्रिसिजन रायफल काढली, त्या वेळी छापील किंमत चौदाशे डॉलरच्या आसपास. दस्त्याची लांबी, गालाची उंची बदलता येते, नळी बदलता येते. एकेकाळी यातली निम्मी कामं कारागिराकडेच व्हायची.

आणि एक गैरसमज काढून टाका. तयार म्हणजे स्वस्त, घडवलेली म्हणजे उत्तम, असं नसतं. इंग्लंडच्या अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनलच्या रायफली कारखान्यातच बनतात आणि भल्याभल्या कारागिरांच्या रायफलींपेक्षा महाग असतात. ती कंपनी उभी करणाऱ्यांत माल्कम कूपर होता, १९८४ आणि १९८८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारा नेमबाज.

नळी ही वहाण आहे, वाडा नाही

आता ज्या गोष्टीचा विचार खरेदी करताना फारच थोडे लोक करतात, ती सांगतो. नळी झिजते. प्रत्येक गोळीला चेंबरच्या पुढचा भाग तापतो, जळतो, खरवडला जातो. ६.५ क्रीडमूरची नळी स्पर्धेच्या कामाची साधारण दोन ते तीन हजार गोळ्या राहते. .३०८ ची पाच हजारांच्या आसपास. काही जोरकस काडतुसांची हजारातच आटोपते.

सामन्याच्या दर्जाचं तयार काडतूस अंदाजे दोन डॉलरला पडतं असं धरा. दोन हजार गोळ्यांचे झाले चार हजार डॉलर. म्हणजे एका नळीच्या आयुष्यात तुम्ही रायफलच्या किमतीहून जास्त दारूगोळाच उडवता! आणि शेवटी ती नळी काढून टाकायचीच असते. तेव्हा 'जन्मभराची रायफल' असं जे म्हणतात, ते अ‍ॅक्शन आणि दस्त्यापुरतं खरं. नळी वहाणेसारखी, झिजली की बदलायची.

यातूनच तिसरी वाट निघते, आणि बहुतेकांना मी तीच सुचवतो. तयार रायफल घ्या, पण अशी की जिची नळी सहज बदलता येते. सॅवेजनं १९५८ मध्ये मॉडेल ११० काढली, तिची नळी एका मोठ्या नटनं घट्ट होते. त्यामुळे बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर गेज लावून घरीच जमवता येतं. आता अनेक अ‍ॅक्शन इतक्या एकसारख्या निघतात की चेंबर कापून तयार केलेली नळी मागवायची आणि बसवायची. अमेरिकेच्या कायद्यात बंदूक म्हणून नोंद होते ती अ‍ॅक्शनच्या सांगाड्याची, सुट्या नळीची नाही, हेही यामागचं एक कारण. तर पहिली नळी शिकण्यात संपवा. ती संपेपर्यंत तुम्हाला काय हवं ते तुम्हालाच कळलेलं असतं, आणि दुसरी नळी चांगल्या कारागिराची घ्या.

माझे दोन मोसम

आता कबुली. माझी पहिली तयार रायफल होती, तिच्यावर मी सहाशे गोळ्याही झाडल्या नव्हत्या. गुण अडकले होते. मी ठरवलं, दोष रायफलीचा. एका कारागिराकडे पैसे भरले. त्यानं सहा महिने सांगितले, लागले चौदा. तेवढ्यात मी जुनी विकून टाकली होती, त्यामुळे एक अख्खा मोसम मी रेंजवर दुसऱ्यांचे गुण लिहीत बसलो.

रायफल आली. देखणी. मी स्वतः डायल लावून तपासली, काम चोख होतं. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका भोकात. घरी बायकोला कागद दाखवला, फ्रीजवर लावला. आणि पहिल्या सामन्यात हजार यार्डांवर गुण आले जवळजवळ पूर्वीइतकेच. पुढच्या सामन्यात तेच. तो मोसम तसाच गेला.

शेजारच्या जागेवर एक सत्तरी ओलांडलेले शेतकरी असायचे, जुनी तयार रायफल, दस्त्याला टेप गुंडाळलेली. ते मला दर वेळी मागे टाकायचे. एकदा त्यांनी माझी गुणवही मागितली. त्यात प्रत्येक गोळीची जागा टिपलेली असते. बघून म्हणाले, "उंचीला तुझ्या सगळ्या गोळ्या दहाच्या पट्ट्यात आहेत. पण डावी-उजवीकडे बघ." खरंच, आडवा पसारा उभ्याच्या तिप्पट. रायफल आपलं काम करत होती, मी माझं करत नव्हतो.

मंडळी, हीच कसोटी आहे आणि ती फुकट आहे. गोळ्यांचा पसारा आडवा असेल तर तो वारा, म्हणजे तुम्ही. उभा असेल तर बहुधा काडतुसांचा वेग कमी-जास्त होतोय. सेकंदाला वीस फुटांचा फरक हजार यार्डांवर पाच-सहा इंच वर-खाली करतो. काडतुसं बदलून पाहा, स्वतःची पकड तपासा. हे सगळं करूनही पसारा गोल आणि मोठा राहिला, तर मग रायफलीकडे बोट दाखवा. माझ्या पहिल्या रायफलीची गुणवही नंतर काढून पाहिली. तिथेही पसारा आडवाच होता. उत्तर माझ्या खिशात होतं, मी ते विकत घ्यायला गेलो.

आणि तीन गोळ्यांच्या कागदावर भुलू नका. तीच रायफल, तोच माणूस, दहा गोळ्या झाडल्या की घोळका सरासरी दीडपटीहून मोठा होतो. हे साधं संभाव्यतेचं गणित आहे. तीन गोळ्यांचा अर्धा इंच म्हणजे दहा गोळ्यांचा पाऊण इंचाच्या वर. जाहिरातीत तीन गोळ्या का दाखवतात, ते आता लक्षात आलं असेल.

मग घडवून घ्यायची कधी?

तीन वेळा. एक, तुमची वही सांगते तेव्हा. दोन, तुमच्या प्रकाराला लागते तशी तयार मिळतच नाही तेव्हा. एफ-क्लासच्या खुल्या गटात दहा किलोपर्यंत वजन चालतं आणि जो तो जड नळी, खास काडतूस वापरतो, दुकानात ते क्वचितच मिळतं. तीन, शरीराची गरज असेल तेव्हा: डावखुरे असाल, हात आखूड असेल, खांद्याचं दुखणं असेल. तेही आधी चावीनं बदलणाऱ्या दस्त्यानं सुटतं का ते पाहून.

आणि घडवायला दिलीतच तर चार गोष्टी लेखी घ्या. हातात कधी मिळेल, उशीर झाला तर आगाऊ पैसे परत मिळतील का, कुठला रीमर वापरणार, आणि दुसरी नळी आत्ताच त्याच रीमरनं कापून देणार का. जुनी रायफल मात्र नवी येईपर्यंत विकू नका. हे मी सांगतोय, ऐका!



श्रोत्यांचे प्रश्न

*एका ताईंनी विचारलंय, घडवलेली रायफल पुढे विकली तर पैसे परत येतात का?*

क्वचित. ती तुमच्या मापाची असते, शिवून घेतलेल्या कोटासारखी. घेणारा तिच्यातल्या सुट्या भागांची किंमत धरतो, कारागिराच्या मजुरीची नाही. त्यात किती गोळ्या झाडल्या हा त्याचा पहिला प्रश्न असतो. नावाजलेल्या तयार रायफलीला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

*हे सगळं भारतात कितपत लागू?*

हजार यार्डांचा हा खेळ आपल्याकडे सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. शस्त्र कायदा कडक आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. पण तत्त्व पुरेपूर लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. या प्रकारात जगभर बहुतेक कारखान्याच्याच रायफली वापरतात. घडवणं होतं ते दस्त्याच्या मापांत, आणि आपल्या नळीला काडतुसांचा कुठला लॉट मानवतो ते एकेक करून तपासण्यात.

*पैसा एकदाच खर्च करायचा असेल तर पहिला कशावर?*

मध्यम किमतीची तयार रायफल, बरा स्कोप, आणि उरलेल्या पैशाची काडतुसं. शिवाय एक वही. वही सगळ्यांत स्वस्त, पण तीच आधी उघडा.